माझी पोर ठेवून घे

कराडजवळ मलकापुरात आमच्या घराला लागूनच मनुबाईचं घर. वयानं ती माझ्या आईएवढी, त्यामुळं मी तिला काकीच म्हणत आलो. पण हे सगळं घडलं तेव्हा तिनं पंचविशीही गाठली नव्हती, म्हणून इथं मनुबाईच म्हणतो. तिनं हे मला एका दमात सांगितलं नाही. कधी शेंगा फोडताना, कधी उसाला पाणी द्यायला गेल्यावर बांधावर बसून, असं तुकड्यातुकड्यानं सांगितलं. एका जागी येऊन ती नेहमी थांबायची आणि काहीतरी काम काढून उठायची. तिथून पुढचं सांगायला तिला बरीच वर्षं लागली.

चव्वेचाळीस साल. लढाई जोरात होती. मनुबाईचा नवरा कृष्णात पलटणीत होता आणि पलटण समुद्रापार इटलीत कुठंतरी. त्याची बरेच महिने खबर नव्हती. घरात मनुबाई, म्हातारे सासू-सासरे आणि पाच वर्षांची अंजना. अंजनाच्या आधीचा मुलगा पाळण्यातच गेला होता. संक्रांतीनंतर अंजनाला ताप चढला, छाती घरघरायला लागली. कराडच्या डॉक्टरांनी न्यूमोनिया म्हणून सांगितलं आणि साताऱ्याला न्यायला लावलं. साताऱ्यात मनुबाईचा थोरला भाऊ लालासाहेब एका लाकडाच्या वखारीत कामाला होता. तो येऊन दोघींना मोटारीनं घेऊन गेला.

दवाखान्यात अंजना मरणाच्या दारात जाऊन परत आली. किती दिवस गेले ते मनुबाईला सांगता येत नाही. पोरीच्या बरगड्या वर-खाली होताना बघत बसायचं, एवढंच तिला आठवतं. मग एका सकाळी अंजनानं भाकरी मागितली. ताप उतरला होता. डॉक्टर म्हणाले, "धोका टळला. पण छाती नाजूक झालीय. वारं लागू देऊ नका, अंथरुणातून हलवू नका."

दुसऱ्याच दिवशी ती परदेशी बाई आली.

कोल्हापूरजवळ वळिवड्याला तेव्हा पोलंडच्या लोकांची छावणी होती. लढाईनं देशोधडीला लागलेली बायकामुलं सरकारनं तिथं आणून ठेवली होती. छावणीतल्या अशक्त पोरांना हवापालटासाठी पाचगणीला नेत. तसाच एक ट्रक निघाला होता. वाटेत कराडच्या पुढं त्यातल्या एका पोरीच्या पोटात असह्य दुखायला लागलं. ट्रक साताऱ्यात थांबला, पोरीला आणि तिच्या आईला दवाखान्यात उतरवलं आणि बाकीच्या आजारी पोरांना घेऊन पुढं गेला. त्या सगळ्यांत इंग्रजी येणारी एकच बाई होती. तिला त्या पोरांबरोबर जाणं भाग होतं. ती दोन दिवसांत परत येते म्हणाली.

म्हणजे ती आई तिथं एकटी पडली. तिला मराठी येत नव्हती, हिंदी येत नव्हती, इंग्रजीही येत नव्हती. उंच, हाडकुळी, डोक्याला रुमाल बांधलेला, अंगात उन्हाळ्याचे दिवस जवळ आले तरी जाड कोट. पोरगी आठ-नऊ वर्षांची, वाळलेल्या कडब्यासारखे पिवळे केस. तिला अंजनाच्या शेजारच्या खाटेवर ठेवलं. नर्स सुलाबाईंनी खुणेनं नाव विचारलं तेव्हा बाईनं आपल्या छातीवर बोट ठेवून म्हटलं, "हालिना." मग पोरीच्या कपाळावर हात ठेवून, "झोशा."

रात्र झोशानं कण्हत काढली. सकाळी तिचं पोट फळीसारखं ताठ झालं होतं. डॉक्टरांनी हात लावला तशी ती किंचाळली. डॉक्टर सुलाबाईंना म्हणाले, "आतडं पिकलंय. बहुतेक फुटलंही असेल. आत्ता पोट उघडलं तर थोडी आशा आहे. संध्याकाळपर्यंत थांबलो तर तीही नाही."

त्यांनी हालिनाला समजावलं. इंग्रजीत सांगितलं, हातवारे करून सांगितलं, कागदावर पोट काढून दाखवलं. ती बघत होती. पण झोशाला न्यायला ढकलगाडी आणली आणि सुलाबाईंनी आतल्या दाराकडं हात केला, तशी ती एकदम उठली. पोरीला उचलून पोटाशी धरलं आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"न्ये! न्ये!"

नाही म्हणत होती, हे कुणालाही कळलं असतं. झोशा वेदनेनं तिच्या खांद्यावर दात रोवत होती तरी ती सोडेना. सुलाबाई जवळ गेल्या तर तिनं त्यांना ढकललं. वॉर्डात सगळे उठून बसले. दवाखान्यातली आया जन्नतबी म्हणाली, "या बाईचं डोकं फिरलंय. पोरीला मारून टाकील ती."

डॉक्टर घामाघूम झाले होते. ते म्हणाले, "दुभाषी बाई येईपर्यंत थांबायला वेळ नाही. दोन माणसं बोलवा. पोरीला काढून घ्यावं लागेल."

हालिना तोवर बोलायला लागली होती. कुणाला काही कळत नसताना भराभर बोलत होती. बोलता बोलता तिची नजर मनुबाईवर थांबली. मनुबाई अंजनाच्या उशाशी बसली होती. तीही आई होती, तीही घाबरलेली होती, म्हणून असेल. हालिनानं एका हातानं झोशाला धरून दुसरा हात जमिनीपासून वर नेला, मांडीएवढ्या उंचीवर. एवढासा मुलगा. "यानेक," ती म्हणाली. मग तिनं आतल्या दाराकडं बोट दाखवलं. मग आपला रिकामा तळवा पुढं केला आणि तसाच धरून ठेवला.

मनुबाईला कळलं. ती सुलाबाईंना म्हणाली, "आवं बाई, हिचा एक ल्योक असाच दवाखान्यात नेला हुता. त्यो परत दिला न्हाई हिला. म्हणून भितीया."

"असेल गं," सुलाबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "पण तिला सांगायचं कसं? ही पण मरेल ना असं धरून ठेवल्यावर!"

दोन माणसं दारात येऊन उभी राहिली. हालिनानं त्यांना बघितलं आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मनुबाईला नीट सांगता येत नाही. गाईचं वासरू ओढून नेतात तेव्हा गाय हंबरते तसा, एवढंच ती म्हणते.

त्या क्षणी मनुबाईनं जे केलं ते तिनं ठरवून केलं नव्हतं. तिनं अंजनाला घोंगडीसकट उचललं आणि त्या माणसांच्या आणि हालिनाच्या मधे जाऊन उभी राहिली.

"ही घे," ती म्हणाली. "माझी पोर ठेवून घे. तुझी पोर आत जाऊ दे. ती भाईर आली की माझी मला दे."

हालिना तिच्याकडं बघत राहिली. मनुबाईनं झोशाकडं बोट केलं, दाराकडं केलं, परत हालिनाकडं केलं. मग अंजनाला पुढं धरलं.

जन्नतबी ओरडली, "मनु, काय करती हाईस? पोर अजून उठून बसत न्हाई तुझी!" सुलाबाई म्हणाल्या, "डॉक्टरांनी हलवू नको म्हटलंय तिला." मनुबाईनं ऐकलं नाही.

हालिनानं आधी झोशाच्या कानात काहीतरी सांगितलं, कपाळाला ओठ लावले. मग आपणहून तिला ढकलगाडीवर ठेवलं. गाडी दाराच्या आत जाईपर्यंत तिनं पोरीचा पाय धरून ठेवला होता. दार बंद झालं. हालिना वळली आणि तिनं दोन्ही हात पुढं केले. मनुबाईनं अंजना तिच्या हातात दिली.

"आये, ही मला नेणार व्हय?" अंजनानं विचारलं.

"न्हाई गं बाय. जरा येळ बस. मी हितंच हाय."

दाराबाहेर एक बाकडं होतं. त्यावर दोघी बसल्या. हालिनानं अंजनाला कोटाच्या आत घेतलं, वारं लागू नये म्हणून कोट वरून ओढला. अंजनाला आज त्या दिवसाचं बाकी काही आठवत नाही. त्या बाईच्या छातीतली धडधड कानाला लागत होती, एवढं मात्र आठवतं. ती खोकली की हालिना तिच्या पाठीवरून हात फिरवायची, अगदी आईसारखा. ते बघून मनुबाईला धीर आला. बाई वेडी नव्हती. भ्यालेली होती.

मनुबाईनं मनात म्हसोबाला बोलून ठेवलं, जोतिबाला बोलून ठेवलं. आधी स्वतःच्या पोरीसाठी, मग त्या पोरीसाठी. मग तिच्या ध्यानात आलं की आता दोन्ही मागण्या एकच झाल्या होत्या.

ऊन अंगणात उतरलं तेव्हा दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले. त्यांनी हालिनाकडं बघितलं नाही. ते सुलाबाईंशी बोलायला लागले आणि बोलता बोलता थांबले. सगळ्या पोटात पू पसरला होता. टेबलावरच पोरीचा जीव गेला होता.

हालिनाला भाषेची गरज पडली नाही. तिनं फक्त अंजनाभोवतीचा हात घट्ट केला.

इथं येऊन मनुबाई थांबायची.

सुलाबाई पुढं झाल्या आणि त्यांनी अंजनाला घ्यायला हात केला. हालिनानं अंग वळवून घेतलं. परत प्रयत्न केला तशी ती उठली, अंजनाला कोटात धरून व्हरांडा उतरली आणि दवाखान्याच्या फाटकाकडं चालू लागली.

"धरा तिला!" जन्नतबी ओरडली. फाटकावरचा माणूस आडवा झाला. मनुबाई पळत गेली आणि त्या माणसाचा हात धरला. "धरू नगा. कुणी हिसकू नगा. माझी पोर मधे चेंगरंल."

हे तिनं मला फार उशिरा सांगितलं, पण तिनं अडवू दिलं नाही ते एवढ्याच कारणानं नव्हतं. "मी सबूद दिला हुता," ती म्हणाली. "तुझी आली की माझी दे, असं म्हणाले हुते मी. तिची आली न्हाई. मग मी कुठल्या तोंडानं मागू? पाय उचलत हुते आन् डोक्यात एकच, मनु, तू तुझ्या हातानं पोर घालवलीस."

हालिना रस्त्याला लागली. ट्रक जिकडं गेला होता त्या दिशेनं, वाईच्या बाजूला, भराभर चालत राहिली. मागं दहा पावलांवर मनुबाई, तिच्यामागं जन्नतबी. पेठ संपली, घरं संपली. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. गोरी बाई पुढं चालतेय, तिच्या कोटातून काळे केस बाहेर आलेत, आणि मागून एक कुणब्याची बाई पदर तोंडात धरून चालतेय. एकानं विचारलं, "काय झालं गं बाय?" मनुबाईनं मान हलवली. बोलायला लागली तर आरडाओरडा होईल, माणसं जमतील, ती बाई घाबरून पळेल आणि पोर पडेल, हीच भीती.

अंजना खोकायला लागली. खोकला थांबेना. मनुबाईला प्रत्येक उबळ ऐकू येत होती आणि पुढं जाऊन पोर घ्यायची हिंमत होत नव्हती. तिनं एकदा हाक मारली, "हालिना!" नाव तेवढंच येत होतं. बाईनं मागं बघितलं नाही.

पुढं रस्त्याच्या कडेला एक विहीर होती. मोट चालू होती, पाणी पाटातून गव्हाच्या वाफ्यात चाललं होतं. ते बघून अंजना म्हणाली, "पाणी." मग परत, रडत, "आये, पाणी."

हालिना थांबली. छावणीत सगळ्यात आधी तोच शब्द शिकले असतील ते लोक. ती पाटाच्या काठाला गुडघे टेकून बसली. ओंजळीनं पाणी घेऊन अंजनाच्या तोंडाला लावलं. पोरगी घटाघटा प्याली. मग हालिनानं डोक्याचा रुमाल सोडला, भिजवला आणि अंजनाचं तोंड पुसलं. कपाळ, गाल, हनुवटी. पुसता पुसता ती थांबली. दोन्ही हातांत ते सावळं तोंड धरून ती त्याच्याकडं बघत राहिली. कितीतरी वेळ बघत राहिली.

मनुबाई जवळ जाऊन पाटाच्या चिखलातच बसली. तिनं हात पुढं केला नाही. नुसती बसली.

हालिनानं मान वर केली. मग तिनं अंजनाला उचललं आणि मनुबाईच्या मांडीवर ठेवलं. ठेवल्यावर तिचे हात तसेच हवेत राहिले. पोर घेताना जसे असतात तसे, पण रिकामे. आणि मग ती कोसळली. पाटाच्या काठावर तोंड टेकून ती जी रडली, ते ऐकून मोटेवरच्या माणसानं बैल उभे केले.

जन्नतबी धापा टाकत येऊन पोचली. मनुबाईनं अंजनाला तिच्याकडं दिलं आणि म्हणाली, "तू हिला घिऊन म्होरं हो. नीट पदराखाली घे." मग हालिनाच्या काखेत हात घालून तिला उठवलं. "चल. झोशाकडं चल. तिला बघायचं हाय न्हवं?"

'झोशा' एवढंच हालिनाला कळलं. तिनं मागच्या बाजूला, दवाखान्याकडं बोट केलं आणि डोळ्यांवर बोटं ठेवली. बघायला मिळेल का, असं ती विचारत होती. मनुबाईनं जोरजोरानं मान हलवली. "व्हय. व्हय. मी दावते."

दवाखान्यात पोरीला मागच्या खोलीत नेऊन ठेवलं होतं. मनुबाई डॉक्टरांपुढं जाऊन उभी राहिली. एरवी त्यांच्यासमोर तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. "सायेब, हिला पोर बघू द्या. हिच्या हातानं न्हाऊ घालू द्या. पयल्या पोराचं तोंडसुदिक दावलं न्हाई हिला कुणी."

डॉक्टरांनी स्वतः कुलूप काढून दिलं. "माझ्याकडून जमलं नाही," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे. सुलाबाईंनी गरम पाणी आणून दिलं. दोघींनी मिळून झोशाला न्हाऊ घातलं. पोटावरचे टाके मनुबाईनं हातानं झाकून धरले, आईला दिसू नयेत म्हणून. हालिनानं तो हात हळूच बाजूला केला आणि सगळं बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुभाषी बाई पाचगणीहून आली. तिच्याकडून कळलं ते असं. हालिनाला, तिच्या नवऱ्याला आणि दोन पोरांना रशियाच्या सैनिकांनी गाडीत भरून दूर त्यांच्या मुलखात नेलं होतं, नवरा तिथंच नाहीसा झाला. सुटका झाल्यावर दक्षिणेकडं येताना एका परमुलखात मुलगा आजारी पडला. दवाखान्यात त्याला आत घेतलं, तिला बाहेर थांबायला सांगितलं. ती थांबली. आत गेली तेव्हा खाटेवर दुसरंच पोर होतं. मुलाला कुठं पुरलं तेही कुणी सांगितलं नाही.

झोशाला साताऱ्यातच ख्रिस्ती दफनभूमीत पुरलं. मनुबाई गेली होती. मातीच्या मुठी तिनंही टाकल्या. निघताना हालिनानं तिचे दोन्ही हात आपल्या तोंडावर दाबून धरले. मग दुभाषी बाईनं तिला गाडीत बसवलं.

मनुबाईला जाणाऱ्या गाडीकडं बघत उभं राहायलाही वेळ नव्हता, कारण अंजनाला परत ताप चढला होता. आधीपेक्षा जोरात. लालासाहेब आला, सगळं ऐकलं आणि वॉर्डातच ओरडला, "तुला अक्कल हाय का गं? वाचलेली पोर परक्या बाईच्या हातात दिलीस? हिचं काय बरं-वाईट झालं तर कृष्णातला काय सांगू मी?" शेजारची खाट रिकामी होती आणि मनुबाई तिकडं बघायचं टाळत होती.

अंजना वाचली. पण छाती कायमची अधू झाली. थंडीचे दिवस आले की आजही तिला दम लागतो.

लढाई संपल्यावर कृष्णात परत आला. त्याला हे कुणीतरी आधीच सांगितलं होतं. तो चांगला माणूस, बायकोवर हात न टाकणारा. पण अंजनाला दम लागला की तो मनुबाईकडं बघायचा, आणि ते बघणं तिला माराहून वाईट वाटायचं. एकदाच त्यानं तोंडानं विचारलं, "आपली देताना तुला काईच वाटलं न्हाई व्हय?" ती म्हणाली, "तुमी तितं नव्हता." तो म्हणाला, "व्हय. मी नव्हतो." दोघांत त्या विषयावर एवढंच बोलणं झालं.

पुढं एका साली कोल्हापूरला गेल्यावर ती वळिवड्याला जाऊन आली. कृष्णातला न सांगता. फाटकावर पहारा होता. तिनं हालिना, हालिना म्हणून विचारलं. आतून एक म्हातारी पोलंडची बाई आली, तिला थोडी मोडकी हिंदी येत होती. तिनं सांगितलं, त्या नावाच्या बऱ्याच बायका होत्या. जिची पोरगी साताऱ्यात गेली ती आफ्रिकेच्या छावणीत गेली, मागच्या वर्षीच. मनुबाई थोडा वेळ तिथं उभी राहिली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आली.

सगळं सांगून झालं त्या दिवशी मी तिला विचारलं, "काकी, परत तशी वेळ आली असती तर दिली असतीस का गं अंजना?"

तिनं लगेच उत्तर दिलं, जणू हा प्रश्न तिनं स्वतःला पुष्कळदा विचारला होता.

"न्हाई रं," ती म्हणाली. "तवा मला वाटलं हुतं तिची पोर वाचंल. म्हणून दिली. आता कुणी कापून टाकलं तरी न्हाई द्यायची." मग म्हणाली, "पर त्या दिवशी ती बाई माझ्याकडं बघत हुती. वॉर्डात एवढी माणसं, आन् ती माझ्याकडंच बघत हुती."

तेवढ्यात आतून अंजनाचा खोकल्याचा आवाज आला, आणि ती उठून आत गेली.